आत्याबाई गप्प बसली

आत्याबाई गप्प होती, आणि त्यानेच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आत्याबाई म्हणजे पंपघराच्या दाराशी टांगलेलं, हवेतला किरणोत्सार हुंगणारं यंत्र. आत अणुभट्टीचं जड पाणी फिरायचं, थोडं झिरपायचं, आणि त्यातलं किरणोत्सारी ट्रिटियम वाफेबरोबर हवेत मिसळायचं. दार उघडलं की आत्याबाईने कोकलायचं आणि फिटरने प्लॅस्टिकचा फुगीर पोशाख चढवून आत शिरायचं, हा शिरस्ताच पडला होता.

हा फिटर म्हणजे तिथल्याच इंजिनीयर बाईंचा नवरा. घरात दिवसभर शिट्टी वाजवणारा, तीही बेसूर. "अरे, कान किटले माझे," म्हणून ती दटावायची. पंपघरात मात्र मुखवट्याआड तो मुका. त्याच्या शरीराने सोसायचा तेवढा किरणोत्सार सोसून झाला होता. पंपघर असंच राहिलं तर त्याची लांब बदली ठरलेली होती, म्हणजे घराची दोन बिऱ्हाडं.

म्हणून तर ती पाणी साफ करणाऱ्या नव्या मनोऱ्यामागे हात धुऊन लागली होती. वरून जड पाणी ठिबकायचं, खालून वायू चढायचा, मधे प्लॅटिनम लावलेले मणी. तिथे दोघांची गाठ पडली की ट्रिटियम पाण्याला सोडून वायूबरोबर निघून जायचं. भट्टी बंद ठेवून तिने सगळं पाणी त्यातून काढलं होतं. ते परत भरल्यावर आज पहिल्यांदाच दार उघडलं होतं.

"मेली वाटतं ही," साहेब म्हणाले. "दुरुस्तीला पाठवा. आणि तू पोशाख चढव रे."

"साहेब, पाणीच साफ झालं असेल तर?" तिने विचारलं.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, बाई."

नवरा खुदकन हसला. तिने असं काही पाहिलं की त्याचं हसू जागच्या जागी जिरलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली आणि तरातरा कपाटाकडे गेली. तुलनेसाठी जुन्या पाण्याची एक छोटी बाटली तिने राखून ठेवली होती. हातमोजे चढवून तिने ती आत्याबाईच्या नाकाशी धरली आणि झाकण किंचित सैल केलं.

आत्याबाई अशी बोंबलली की साहेबांनी कानांवर हात ठेवले. झाकण घट्ट बसलं. बोंब हळूहळू उतरली आणि थांबली.

म्हणजे आत्याबाई ठणठणीत होती. तिला ओरडायला आता काही उरलंच नव्हतं. आनंदाने हिचे पाय जमिनीवर ठरेनात. बाटली खाली ठेवायचंही सुचेना.

साहेबांनी यंत्राचा काटा पुन्हा पुन्हा निरखला. मग पोशाखाकडे गेलेल्या फिटरला त्यांनी हाताने थांबवलं.

"राहू दे ते. असाच जा."

तो अंगातल्या साध्या शर्टावर आत गेला. आत्याबाई हूं की चूं करेना. नेहमीप्रमाणे साहेब दार ओढून घेऊ लागले, तेवढ्यात आतून शिट्टी ऐकू आली. घरच्यासारखीच, बेसूर.

"दार उघडंच राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "ऐकू दे जरा."