करडा आरसा

"जुन्या ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला अकरा फ्रेम, नव्यावर एकशे चाळीस!" माझा सहकारी केदारी खूश झाला.

कार्डांच्या तुलनेसाठी मी नेहमी आमच्या जुन्या घराचं थ्रीडी मॉडेल चालवतो. बायको गेल्यावर ते मी आठवून आठवून बनवलं. जुन्या कार्डला प्रतिबिंबं झेपत नसत, म्हणून कपाटाचा आरसा कायम करडा दिसायचा. आज तो पहिल्यांदाच उजळला.

"सर, आरशात वहिनी अगदी हुबेहूब बनवल्यात!"

मी तिचा कंगवासुद्धा बनवला होता. तिला बनवायला मात्र मन धजलं नव्हतं.

घाईघाईनं जुनं कार्ड परत बसवलं. आरसा पुन्हा करडा झाला. पण काचेवर आतून वाफ धरली होती, आणि अकरा फ्रेमच्या अडखळत्या गतीनं एक बोट ती पुसत होतं.