कैफ दोहा

“चाची, बॅटरीला काही झालेलं नाही. फोनात व्हायरस शिरलाय.”

मोबाइल दुरुस्तीवाल्या रितेशनं फोन काउंटरवर ठेवला. इशरतनं तोंडाला ओढणी लावली. माणसाला ताप येतो, खोकला होतो. पण फोनला?

“मरेल काय रे?”

“मरतो कसला! पण हा दिवसभर आजूबाजूचे फोन शोधत बसतो. म्हणून दुपारपर्यंत तुमचं चार्जिंग खलास.”

इशरतचा जीव फोनात नव्हता, फोनात येणाऱ्या आवाजात होता. तिचा एकुलता एक मुलगा, कैफ, दोह्याला होता. जाताना स्वतःचा हा कॅमेऱ्याचा फोन त्यानं आईला दिला आणि आपल्याला नवा घेतला. दर जुम्म्याला तो फोन करायचा. नंबर इथलाच कुठलातरी दिसायचा, पण गल्फचे स्वस्तातले फोन तसेच येतात, हे साऱ्या राजिवडा मोहल्ल्याला ठाऊक होतं. त्याचं कुणाला नवल नव्हतं. आता मात्र दोन जुम्मे झाले, फोन नाही. नेमकी बॅटरी मेलेली असताना पोरानं फोन लावला असेल, या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“काढ बाबा तो व्हायरस. फुकटातलं काही औषध आहे का?”

“फुकट ते पौष्टिक, चाची!” रितेश हसला. “अँटीव्हायरस दोन आहेत फुकटातले. एकाला सारखं इंटरनेट लागतं. ते तुम्हाला कुठे जमायचं? हा दुसरा घालतो. एकदा बसला की बसला. व्हायरस मेसेजातून येतो; असला मेसेज मग आत यायचा नाही. घेऊ का म्हणून तुम्हाला विचारणारसुद्धा नाही.”

“तोच घाल.”

ती स्टुलावर टेकली. रितेशनं वायर जोडली. गोखले नाक्यावर रिक्षांचा कलकलाट चालला होता. तिचं लक्ष सगळं त्या फोनकडे.

शेवटचा फोन आला तेव्हा तीच जास्त बोलली होती. बोलणारच. तिच्या जिभेला अख्खा मोहल्ला वचकून असे. तेव्हा शेजारचा जिब्रान नुकताच मुंबईहून बॅग घेऊन परत आला होता. एजंटानं खोटा व्हिसा हातात ठेवून पोबारा केला होता. एजंट तोच, कैफला नेणारा. पण कैफ आधीच्या खेपेला गेला होता आणि सुखरूप पोचला होता. तसं त्यानंच सांगितलं होतं. मग काय, इशरतनं जिब्रानची गोष्ट लेकाला रंगवून रंगवून ऐकवली. “आईच्या बांगड्या घालवून आला मेला! माझ्या पोटचा असता ना, उंबऱ्यात पाय ठेवू दिला नसता!” मग लाइन कटली. लाइनचं तसं नेहमीचंच.

“पण हा व्हायरस आला कुठून?” रितेशनं विचारलं. “कुणाचा मेसेज घेतलात तुम्ही?”

“कुणाचा म्हणजे? माझ्या पोराचा!” इशरतचा चेहरा खुलला. “कैफ दोहा असं इंग्रजीत आलं. जायच्या आधीच त्यानं आपल्या फोनला ते नाव देऊन ठेवलंय. हौस मेल्याला! घ्यायचा का, विचारलं. मी हो म्हटलं. ईद जवळ आलीय, मुबारकबाद पाठवली असेल. उघडलं तर आत काहीच नाही.”

रितेशचा हात थांबला.

“चाची, हा ब्लूटूथवरून येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे ज्याच्या फोनातून आला, तो माणूस जवळ पाहिजे. हा मी इथे, आणि ती समोरची पानटपरी, एवढ्यात. दोह्याचं सोडा, भाट्याच्या पुलापलीकडूनसुद्धा यायचा नाही.”

“काहीतरीच बोलतोस! मी माझ्या घरात होते. संध्याकाळची, लाइट गेलेली.”

“एकदाच आला?”

“नाही रे. दोन-तीनदा. लाइट गेली की येतो.”

बोलून गेली आणि तिचे शब्द तिलाच ऐकू आले.

काल लोडशेडिंगच्या वेळी खिडकीखाली दगडी गडग्याला टेकून कुणीतरी उभं होतं. अंधारात तोंड दिसत नव्हतं. “कोण रे मेल्या तिथे? निघ!” म्हणून तिनं मासे धुतलेलं पाणी वरून ओतलं. सगळं अंगावर पडलं त्याच्या. पण तो हूं नाही की चूं नाही. पाणी निथळत तसाच गल्लीतून निघून गेला. त्यावर ती आणि शेजारीण पोटभर हसल्या होत्या.

“अल्ला,” ती म्हणाली. “अल्ला, काय केलं मी हे!”

रितेशनं आपला कॉम्प्युटरकडे मोर्चा वळवला.

“झालंच, चाची. एक बटण दाबलं की साफ.”

इशरतनं वायरीसकट फोन ओढून घेतला.

“नको.”

“अहो, पण बॅटरी—”

“चार्जर दे आणखी एक. व्हायरस राहू दे.” तिनं फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. राजिवड्यानं तिचा आवाज इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. “तो परत येऊन खाली उभा राहिला, तर मला कळायचं कसं?”