कडेचा गुलाबी

“पोरी, मिशी गेली तरी चालंल, पण गुलाबी काढ!” लालासाहेब खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

इस्लामपुरातल्या आपल्या फ्लेक्सच्या दुकानात स्वप्नाली संगणकावर त्यांचंच डोकं मोठं करून बघत होती. पडद्यावर ते भोपळ्याएवढं झालं होतं आणि केसांपासून कानाच्या पाळीपर्यंत त्याच्याभोवती गुलाबी रेघ फिरली होती. फ्लेक्स मात्र पिवळ्या पॅनेलचा होता. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत गुलाबी पॅनेल म्हणजे समोरची पार्टी, आणि लालासाहेब परवापरवापर्यंत त्याच पार्टीत होते.

सकाळी फ्लेक्स चौकात लागला आणि गावाला फुकटची करमणूक झाली. एवढ्या डोक्यांत एकट्या लालासाहेबांचंच डोकं गुलाबी उजळलेलं. चहाच्या गाड्यावर हरिबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “लालासाहेब पिवळ्यात आलं, पण गुलाबी काय सुटंना गड्या!” लालासाहेबांनी चहा अर्धा टाकला, “म्या नवा घिऊन येतो, तवर ह्यो उतरवून ठेव,” असं हरिबालाच दरडावलं आणि मोटारसायकलला किक मारली.

आता यात त्यांचा काय दोष? मूळ फोटो जुन्या मोबाईलबरोबर विहिरीत गेला होता. तो उरला होता फक्त गुलाबी पॅनेलच्या जुन्या फ्लेक्सवर, आणि तो फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर झाकण म्हणून घातलेला. लालासाहेबांनी गंजीवर चढून स्वतःच्याच फोटोचा फोटो काढला होता. नवा काढता आला असता, पण जुन्यात डोक्यावर केस होते. त्या केसांवरून त्यांचा जीव निघत नव्हता.

चार वाजता सभा होती. पिवळ्या पॅनेलचे पुढारी उदयसिंहदादा चौकातूनच सभेला येणार आणि चेअरमनपदाचं नाव जाहीर करणार. गुलाबीवाल्यांनी दरवेळी लालासाहेबांना पुढच्या वेळी बघू म्हणून बसवून ठेवलं होतं, म्हणून तर त्यांनी ही उडी मारलेली. दादांनी ती गुलाबी कड पाहिली तर सगळंच मुसळ केरात.

“काका, माणूस कापून दुसरीकडं आणला तरी कडंला मागचा रंग थोडा चिकटून येतोच,” स्वप्नाली म्हणाली.

“हरिबा बी ह्येच म्हनत हुता. तू काढ!”

“नक्की काढू?”

“मग काय गंमत म्हणून आलोय व्हय?”

ती कडेकडेने खरवडत गेली. आधी कानाची पाळी गेली. मग मिशीची टोकं गेली. केसांचा फुगा बसला. लालासाहेबांनी दात आवळून सगळं सोसलं. शेवटी पिवळ्या रंगावर ते असे स्वच्छ उमटले, की जणू जन्मले तेच पिवळ्या पॅनेलात. जीव भांड्यात पडल्यावर त्यांना इकडचं तिकडचं सुचायला लागलं.

“काय गं, गुलाबीवाल्यांचं काय छापतीस सध्या?”

“काका, तुमचं त्यांना सांगत न्हाई, त्यांचं तुमाला न्हाई.” तिने मशीनकडे नेलेला हात मागे घेतला. “छापायची घाई हाय का? जरा च्या मागवते, बसा की.”

“अगं बाई, चारला सभा हाय! लाव मशीन!”

स्वप्नालीने सुस्कारा सोडला आणि मशीन लावलं. फ्लेक्स खर्रखर्र करत बाहेर यायला लागला. आधी दादांचा भला मोठा फेटा आला, मग दादांचं हसू. ती दोन्ही हातांनी फ्लेक्स ताणून धरत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. हात मोकळा नव्हता. तिने कोपरानेच कसाबसा स्पीकर दाबला.

“स्वप्नाली, उदयसिंह बोलतोय. तुझा गुलाबी फ्लेक्स बघितला. झकास झालाय. फक्त माझ्या फेट्याच्या कडंनं पिवळं दिसतंय बघ. चारच्या सभेतच गुलाबीत जाहीर प्रवेश हाय माझा, बरं दिसत न्हाई. तेवढं पिवळं काढ.”

फोन बंद झाला. स्वप्नालीने फ्लेक्स तसाच ताणून धरला. मशीनमधून आता लालासाहेब बाहेर येत होते, बिनटोकांच्या मिशीचे आणि स्वच्छ पिवळे. लालासाहेब दादांच्या हसऱ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना रडू येईल असं तिला वाटलं.

पण त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

“हरिबा, चौकातला फ्लेक्स उतरवलास का रं? न्हाई? बरं केलंस, हात लावू नगंस त्याला! आन् सकाळी माझ्याबद्दल काय म्हनालास, ते चारच्या सभेत परत म्हण. जरा मोठ्यानं म्हण!”