कॅबिनेटची पारख

अंबुजाआत्यांनी बोटाच्या पेराने मोठ्या कॅबिनेटवर टक्कन मारलं आणि कान जवळ नेला. दुकानातले दोघे-तिघे वळून बघायला लागले. कीर्तनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवरसिल्वरची, म्हणजे स्टीलची, भांडी अशी वाजवून घेतात हे तंजावरात कुणालाही ठाऊक. पण अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर घ्यायला येऊन डबा वाजवणारी बाई दुकानदार साईरामनेही पहिल्यांदाच पाहिली असावी.

बाकी सगळं घेऊन झालं होतं. मॉनिटर, डिस्क, मदरबोर्ड. राहिलं होतं ते हे सगळं ज्यात बसवायचं ते कॅबिनेट, आणि घोडं तिथंच अडलं होतं. कीर्तनाच्या थोरल्या भावाने, सुरेंद्रअण्णाने, तिला न विचारताच हा कमरेएवढा टॉवर पसंत केला होता. तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभा राहणार. मग त्यावर अण्णाची ऑफिसची कामं, पोरांचे खेळ, आल्यागेल्यांची कौतुकं. कीर्तनाला एका प्रेसवाल्याने लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचं काम घरी द्यायचं कबूल केलं होतं, सोमवारपासून, पण कॉम्प्युटर तिचा स्वतःचा असेल तर. तिला आपल्या खोलीतल्या टेबलावर मावेल असं लहान कॅबिनेट हवं होतं. ते समोरच फळीवर होतं. पण अण्णापुढं ही पोरगी तोंड उघडेल तर शपथ.

"दिसायला कसं ऐटदार आहे बघा, आत्या," अण्णा म्हणाला. "आणि उद्या काही वाढवायचं झालं तर आत जागा नको?"

"ऐट राहू दे बाजूला. साईराम, हे चालताना तापतं का रे?"

"तापतं की, अक्का."

"मग वाफ कुठून जाते?"

साईराम हसला. टॉवरच्या तोंडावर जाळीची झकास नक्षी होती, तिच्याकडे त्याने बोट दाखवलं. आत्यांनी अंबाड्यातला आकडा काढून जाळीत घातला. आकडा नखाएवढा गेला आणि अडला. मागे सलग पत्रा. नुसती शोभा हो! लहान कॅबिनेटच्या कुशीला साधी गोल भोकं होती. आकडा आरपार गेला. साईरामचं हसू मावळलं.

मग आत्यांनी दोन्हींची झाकणं काढायला लावली आणि आतल्या कडेवरून हलकेच अंगठा फिरवला. टॉवरच्या कडेने अंगठ्यावर पांढरा ओरखडा उठला. लहान कॅबिनेटच्या कडा मात्र सगळीकडे आत मुडपलेल्या होत्या.

"हे ज्यानं केलं त्याला दुसऱ्याच्या हातांची काळजी आहे," आत्या म्हणाल्या.

साईरामने आपली बोटं पाहिली. दोन बोटांना पट्ट्या होत्या. "तीन वर्षं टॉवर जोडतोय, अक्का. कडा बघून माल घ्यावा, हे काही मला सुचलं नाही." तो हे अगदी मनापासून म्हणाला. आत्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी दुकानातला सगळ्यात जाणता माणूस या घडीला त्याच होत्या. मघाशी आपल्याला यांची लाज वाटली, याचीच कीर्तनाला आता लाज वाटली.

"आता सामान आत ठेव, आणि झाकण लावून दाखव. झाकण बसलेलं बघितल्याशिवाय डबा घरी न्यायचा नसतो."

साईरामने बोर्ड ठेवला, डिस्क सरकवली, वायरी दुमडल्या. झाकण न अडता बसलं. "एक डिस्क आणखी मावेल, सार," तो अण्णाला म्हणाला. "पत्रिकांना रगड झालं."

अण्णा तसा समजूतदार माणूस. "ठीक आहे, लहान तर लहान," तो म्हणाला. "बरंच झालं. हॉलमध्ये जागा कमी लागेल."

कीर्तनाने मान खाली घातली. इतकी पारख करून शेवटी हॉलच! आत्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग झाकणावर हात ठेवला. "हे काढ रे परत. खाली भांड्याच्या दुकानात नाव घालून आणते."

"अक्का, नाव घातलं तर कंपनी कॅबिनेट परत घेणार नाही."

"परत द्यायला कोण घेतंय?"

त्यांच्या घरी भांड्यावर जिचं नाव, भांडं तिचं. आईच्या नावाचं पातेलं वहिनी विचारल्याशिवाय चुलीवर ठेवत नसे, आणि वहिनीच्या डब्याला आत्या हात लावत नसत. त्यावरून कधी कुणी वाद घातला नव्हता.

खाली भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता. कॉम्प्युटरचं झाकण त्याने उलटंपालटं करून पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. मशीन हातात घेतलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "नाव सांगा."

"बिल माझ्या नावावर आहे..." अण्णाने सुरुवात केली आणि आत्यांकडे पाहिलं. सकाळपासून बोलणाऱ्या आत्या आता समोरच्या पळ्या निरखत होत्या. त्या काही बोलणार नाहीत हे कीर्तनाच्या ध्यानात आलं.

"कीर्तना," ती म्हणाली.

"इनिशियल? अप्पांच्या नावाचं अक्षर, की नवऱ्याच्या?"

"कुणाचंच नको. नुसतं कीर्तना."

त्याने मान डोलावली आणि मशीन टेकवलं, पण पातळ पत्रा पायरीवर थरथरायला लागला. त्याने हात थांबवून अण्णाकडे पाहिलं.

"सार, जरा इकडून दाबून धरा. हललं तर नाव बिघडतं."

अण्णा क्षणभर तसाच उभा राहिला. मग पँट सावरून पायरीवर उकिडवा बसला आणि पहिलं अक्षर पुरं उमटेपर्यंत त्याने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. दुसऱ्यालाही सोडलं नाही.