सतरा नंबरचं वर्तुळ

"हे वर्तुळ पाहा," सर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

विभागप्रमुखांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पडद्यावर नव्या शिक्षिकेचा प्रोग्रॅम उघडा होता. व्याकरणाचे नियम भरून बटण दाबलं की तो त्या नियमांवर चालणाऱ्या यंत्राची आकृती काढून दाखवी: वर्तुळं आणि त्यांना जोडणारे बाण. सरांनी एकही नियम न भरता बटण दाबलं होतं. काहीच उमटायला नको होतं. पण उजव्या कोपऱ्यात एक वर्तुळ उमटलं होतं. आत सतरा हा आकडा. त्याच्याकडे एकही बाण जात नव्हता.

मग सरांनी आपला जुना प्रोग्रॅम उघडला. आधी त्यांचं नाव आणि तीस वर्षांपूर्वीचं साल झळकलं. नियम न भरता बटण दाबल्यावर तोच कोपरा, तोच सतरा.

"अशी चूक दोघांना सुचत नाही," सर म्हणाले.

शिक्षिका समोर हाताची घडी घालून बसली होती. महिनाअखेर ती कायम व्हायची होती. तिचा प्रोग्रॅम प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर चढणार होता आणि सरांचा उतरणार होता. मुलं त्यांना 'वर्तुळवाले सर' म्हणत ते या प्रोग्रॅममुळेच. निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी उरलं होतं ते एवढंच. गेल्या आठवड्यात ते तिचा प्रोग्रॅम सहज चाळायला बसले आणि सतरा दिसताच त्यांनी तक्रार लिहून काढली. दोन दिवस तक्रारीचा कागद खिशात घेऊन फिरले. मग दिला.

प्रमुखांनी तिला सौम्यपणे सांगितलं, चोरी ठरली तर नोकरी जाईल. काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला.

"सरांना एकच विचारते," ती म्हणाली. "सतराच का, सर?"

"असंच. तरुणपणीची गंमत."

"मग नंतर काढून नाही टाकलंत?"

सर कसनुसे हसले. काढायला गेलं की बाकीचं सगळं कोसळायचं, म्हणून आपण त्या भानगडीत पडलोच नाही, म्हणाले. प्रमुखांनीही मान डोलावली. जुन्या कामाला हात लावायची सोय नसते, म्हणाले.

"मी मात्र मुद्दाम ठेवलं," ती म्हणाली. "तुम्ही बघालच, याची खात्री होती."

तिने पिशवीतून प्रात्यक्षिकाची एक जुनी वही काढून टेबलावर ठेवली. "माझ्या आईची. तुमच्या पहिल्या तुकडीत होती. पुढे शिक्षण सुटलं तिचं."

सरांनी वहीला हात लावला नाही. प्रमुखांनीच ती उघडली. हजेरी क्रमांक सतरा. पानोपानी बारीक अक्षरात लिहिलेला अख्खा प्रोग्रॅम. शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने काढलेलं एक वर्तुळ. त्याखाली पडद्यावरच्या सालाच्या आदल्या वर्षाची तारीख, सरांची सही आणि लाल शाईत सरांच्याच अक्षरातला शेरा: 'नक्कल केली आहे. नापास.'