जावयाचं ‘पुरे’

“खिडक्या लावून घे,” गंगाबाईंनी सुनेला सांगितलं. “खालच्या शांताबेनला वास लागला, की आठ दिवस जिन्यात तोंड फिरवून जाते.”

निरुपमाने खिडक्या लावल्या. वासण्याच्या त्या शाकाहारी गुजराती सोसायटीत बोंबील तळायचे म्हणजे घरात चोरून दारू गाळण्यासारखंच होतं. पण आज नातजावई प्रतापराव जेवायला येणार होते, आणि नात विजयमाला दहा दिवसांपासून आतल्या खोलीत दार लोटून बसली होती.

भांडण सरळ होतं. कोयलीच्या रिफायनरीत प्रतापरावांना बढती देऊन साहेब करत होते. ते म्हणाले, नको, आहे ते पुरे. विजयमाला बॅग भरून माहेरी आली. आज ती त्यांच्याबरोबर परत गेली तर गेली, नाहीतर पुढचं काही खरं नव्हतं. असल्या माणसाचे कान कसे उपटायचे, ते गंगाबाईंनी सकाळीच जुळवून ठेवलं होतं. चार वाक्यं होती. चारही जिव्हारी लागतील अशी.

“आई, आज तुम्ही काही बोलू नका,” निरुपमा म्हणाली.

“का? जीभ झडलीय माझी?”

निरुपमा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. त्या आठवड्यात वर्गात चीनमधल्या कुणा जुन्या ज्ञानी म्हाताऱ्याचं चाललं होतं. “तो सांगतो, पुष्कळ गोष्टी आपण हात लावतो म्हणून बिघडतात. सोडून दिल्या, तर आपल्या वाटेने जातात. आणि कुठे थांबायचं हे ज्याला कळलं, त्याला काही कमी पडत नाही.”

गंगाबाई हातात उलथणं घेऊन वळल्या. “त्याच्या घरी स्वयंपाक कोण करायचं?”

“ते कुठे लिहिलेलं नाही.”

“नसणारच.”

पण म्हातारा डोक्यातून जाईना. पन्नास वर्षं त्यांनी या घरात ढकलून, ओरडून, टोचून सगळं चालवलं होतं. न टोचता काय होतं, ते कधी बघितलंच नव्हतं. नव्या दळणाची एक भाकरी थापून बघतात, तसं एकदा बघायला काय जातंय? नाही जमलं, तर चार वाक्यं होतीच.

प्रतापराव आले. बंद दाराकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता पानावर बसले. गंगाबाईंनी दोन बोंबील वाढले. मग आणखी दोन.

“पुरे, आजी.”

जावयाचं ‘पुरे’ या घरात शब्द म्हणून कधी धरलंच नव्हतं. त्यानंतर तर खरं वाढणं सुरू व्हायचं. जावयाने पान झाकायचं आणि गंगाबाईंनी बोटांच्या फटीतून वाढायचं. त्यांचा आग्रह शहरात पार दांडिया बाजारापर्यंत ठाऊक होता. आत्ताही पाचवा बोंबील उलथण्यावर होता आणि ‘तरण्या माणसाने पुरे म्हणायचं?’ हे ओठांवर आलं होतं.

त्यांनी ते गिळलं. बोंबील परत तव्यात ठेवला.

प्रतापरावांनी सवयीने दोन्ही हातांनी पान झाकलं होतं. वाट बघितली. काही पडलं नाही. त्यांनी हळूच एक हात काढला, मग दुसरा.

“आजी, बरं वाटत नाही का?”

“खणखणीत आहे मी. तुम्ही पुरे म्हणालात ना?”

त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. मग जेवू लागले, सावकाश. पाच वर्षांत या घरी त्यांचा एक हात जेवायचा आणि दुसरा पान राखायचा.

घर इतकं गप्प झालं, की आतलं दार उघडलं.

“आजी, तू यांना वाढत का नाहीस?” विजयमालाने विचारलं. “भांडलीस की काय?”

“एक शब्द बोलले नाही. तुझ्या आईला विचार.”

“मग?”

“ते पुरे म्हणाले.”

“ते म्हणणारच. म्हणून तू ऐकलंस?” विजयमालाने तव्यातला बोंबील उलथण्यावर घेतला आणि नवऱ्याच्या पानाशी नेला. पानावर हात नव्हता. ती थबकली.

“खरंच पुरे?”

“खरंच.” प्रतापरावांनी वर बघितलं. “जेवण, आणि ते बाकीचंही. रिफायनरीतली पाळी संपली की मी पोरांना मल्लखांब शिकवतो. साहेब झालो तर ती संध्याकाळ गेली. मला एवढं पुरतं, विजू. तुला किती लागतं, ते मात्र मी कधी विचारलं नाही. आता विचारतो.”

गंगाबाईंची चारही वाक्यं एकदम घशाशी आली. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं.

विजयमालाने एक ताट घेतलं. नवऱ्यासमोर बसली. हातातला बोंबील स्वतःच्या ताटात ठेवला. भात घेतला, थोडा. ताटाकडे बघत राहिली, जणू आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं स्वतः वाढून घेत होती.

निरुपमाला राहवलं नाही. रश्श्याची पळी भरून ती लेकीच्या ताटावर वाकली. “अगं, एवढ्याने काय होतंय? घे गं, घे—”

गंगाबाईंनी सुनेचं मनगट धरलं.

पळी ताटावर तशीच अधांतरी राहिली. रश्श्याचा एक थेंब भातावर पडला. विजयमालाने आधी पळीकडे बघितलं, मग प्रतापरावांकडे.

“मला तुमच्यापेक्षा थोडं जास्त लागतं,” ती म्हणाली. “पण आई वाढते तेवढं नाही.”