आखडलेली हवा

गॅरेजमध्ये तोंडातून वाफ निघत होती. ऊर्मी गाडीत बसली, किल्ली अर्धी फिरवली आणि डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा पुन्हा लागला. टायरचं चित्र, मधे उद्गारचिन्ह. महिनाभर तो असाच लागत होता आणि महिनाभर गाडी इथेच उभी होती.

दहा वाजून पाच. अकराला मुलाखत, मिल्टन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

फोन वाजला. शंतनु, तिचा नवरा, टोरोंटोच्या ऑफिसमधून.

"लाईट आहे ना अजून? मग नको काढूस गाडी. सेन्सर गेला असणार, हवा तर मीच भरली होती नोव्हेंबरमध्ये. शनिवारी दाखवतो."

"हा चौथा शनिवार."

"अगं, रस्त्यावर बर्फ आहे. उबर कर. नाहीतर विचार त्यांना, झूमवर घेतात का मुलाखत."

"रक्तही झूमवरच काढू का?"

तो हसला. "चिडू नकोस ना. काळजी वाटते म्हणून सांगतोय."

काळजी वाटत होती हे खरंच होतं. म्हणून तर त्याच्याशी धड भांडताही यायचं नाही. काम होतं घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं रक्त तपासणीला घ्यायचं. नागपूरच्या लॅबमध्ये तिने सहा वर्षं तेच केलं होतं. इथे पहिली अट, स्वतः गाडी चालवत हिंडता आलं पाहिजे. उबरमधून उतरून ती त्यांना काय सांगणार होती?

स्वयंपाकघराकडचं दार उघडून तिचे सासरे आत आले. कानटोपी, स्वेटरवर स्वेटर, कडेवर तिची दहा महिन्यांची मुलगी ईशानी. हेमचंद्र ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आले, आणि पहिला बर्फ पडल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"शंतनुने किती भरली होती गं हवा?"

"अठ्ठावीस पौंड. पुण्याच्या गाडीत तेवढीच भरायचो म्हणाला."

बाबांनी ईशानीला तिच्याकडे दिलं आणि गाडीच्या उघड्या दारापाशी वाकले. चौकटीवरचं हवेच्या दाबाचं स्टिकर निम्मं खरवडलेलं. उरलं होतं एवढंच, दोनशे तीस केपीए.

"हे किलोपास्कल. अशा अठ्ठ्याण्णवांचा दाब म्हणजे एक किलो." ते बोटांच्या पेरांवर मोजू लागले. "म्हणजे दोन किलो, वर चौतीस..."

"बाबा, फोनवर बघू का? लगेच सांगतो तो."

"फोन कधी बॉयलरवर उभा राहिलाय? कारखान्यात जुना बॉयलर पौंडात बोलायचा, नवा किलोत. तीस वर्षं दोघांच्या मधे मी." पेरं संपली. "किलोला सव्वाचौदा पौंड. तेहतीस, वर जरासं. तेहतीस हवी होती या गाडीला. आणि पठ्ठ्याने भरली पुण्याची अठ्ठावीस. तीही गारठा पडायच्या आधी."

भिंतीला आधीच्या घरमालकाने सोडलेला पायपंप होता, पौंडाच्या काट्याचा. बाबांनी नळी लावली. चोवीस.

"गळतंय का?"

"बघू." दुसरं टायर, चोवीस. तिसरं, चौथं, तेच. "चारही एकदम सारखी गळत नसतात. हवा कुठेही गेलेली नाही. थंडीने आखडलीये. आहे ती आतच."

ऊर्मीने त्यांच्याकडे पाहिलं. ते काट्याकडे बघत होते.

मुलाखतीच्या कपड्यांतच तिने पंप मारला. बाबा ईशानीला घेऊन उकिडवे बसून काटा वाचत होते. सत्तावीस. तीस. मार अजून. बस. चौथं टायर होईस्तोवर दहा छत्तीस झाले आणि तिच्या पोटऱ्या भरून आल्या.

तिने किल्ली फिरवली. दिवा तसाच.

"चाकं फिरल्याशिवाय त्याला कळायचं नाही," बाबा म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय, पान दोनशे बारा."

"गाडीचं मॅन्युअल वाचलंत तुम्ही?"

"घरातलं बाकीचं सगळं वाचून झालं."

फोनवर शंतनुचा मेसेज आला. तिने मोठ्याने वाचला. "गाडी काढू नको. बाबांना विचार, तेही नकोच म्हणतील."

"लिही, विचारलं."

ती हसली, आणि मग तिचं हसू ओसरलं. दिवा खरंच गेला नाही तर? ती पिवळ्या उद्गारचिन्हाकडे बघत राहिली. मग तिने सीटबेल्ट ओढला.

"तुम्हीही चला ना बाबा. ईशानीला मागे बसवू. मी आत जाऊन येईपर्यंत थांबा गाडीत."

"तिची झोपायची वेळ झालीये." बाबांनी बटण दाबलं, गॅरेजचं मोठं दार वर जाऊ लागलं आणि पांढरा उजेड आत आला. "आणि मला बूट कुठे आहेत? या चपलांनी बर्फात पाय ठेवता येतोय होय. तू नीघ. वेळ जातोय."

तिने गाडी उलटी बाहेर काढली. समोर दार खाली येत गेलं. आधी कानटोपी गेली, मग ईशानीचे लोंबते पाय, शेवटी लोकरी मोज्यांवर चढवलेल्या दोन चपला उरल्या. त्या शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या सिग्नलपाशी दिवा विझला. त्याच वेळी गाडीच्या स्पीकरवर फोन वाजायला लागला.

"कुठे आहेस? गाडी काढलीस? लाईट होती ना?"

"शंतनु," ती म्हणाली, "बाबांना पुण्यात आठ नंबरचा बूट लागतो. इथला कितीचा घ्यायचा?"